रोडिओतला काउबॉय आणि एकटी आई : टेक्सासमधली दीर्घकथा लिहितेय, माहिती हवी

माळरान (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एक दीर्घकथा लिहायला घेतली आहे आणि जाणकारांशी बोलल्याशिवाय ती पुढे सरकणार नाही, म्हणून हा धागा.

कथा घडते टेक्सासमधल्या स्टीफनव्हिलला. फोर्ट वर्थच्या नैर्ऋत्येला दीडेक तासावर हे गाव आहे. जगातल्या काउबॉयांची राजधानी असं स्वतःला म्हणवून घेतं आणि ते उगाच नाही. रोडिओतले, म्हणजे बैलघोड्यांवरच्या स्वारीच्या आणि दोर टाकण्याच्या काउबॉयांच्या खेळातले, कितीतरी नावाजलेले खेळाडू या गावात, नाहीतर आसपासच्या रँचवर राहतात. टार्लटन स्टेट युनिव्हर्सिटी इथलीच आणि तिच्या रोडिओ संघाचा मोठा दबदबा आहे. बाकी परिसर दूधदुभत्याचा. आम्ही फोर्ट वर्थच्या बाजूला राहतो, त्यामुळे त्या रस्त्यांवरून जाणंयेणं होतं आणि तिथली माणसं थोडीफार ओळखीची झाली आहेत.

माझा नायक तिशी ओलांडलेला बुल रायडर, म्हणजे उसळत्या बैलावर आठ सेकंद टिकून दाखवणारा स्वार. नायिका शाळेच्या कॅफेटेरियात कामाला. घटस्फोट झालेला, पदरात सहा वर्षांचा मुलगा. मुलाचा बाप शेजारच्या हूड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं), ग्रॅनबरीला राहतो.

या प्रकारच्या प्रेमकथा मी मनापासून वाचते. पण बऱ्याच कथांत सगळा ताण बैलावरच्या आठ सेकंदांवर टाकलेला असतो. तो पडतो, ती दवाखान्यात धावते, आणि पलंगाशेजारी बसल्यावर तिला उमगतं की आपलं याच्यावर प्रेम आहे. मला वाटतं, खरा ताण त्या आठ सेकंदांत नाहीच. तो आठवड्याच्या उरलेल्या वेळात आहे. हा आज ओक्लाहोमात, उद्या कॅन्ससमध्ये. तिला रोज सकाळी साडेसहाला कामावर हजर व्हायचंय. त्याला एखाद्या महिन्यात भरपूर मिळेल, एखाद्या महिन्यात दमडी नाही. तिचं घरभाडं मात्र एक तारखेला ठरलेलं. या दोन वेळापत्रकांत प्रेम बसवायचं कुठे, हाच माझ्या कथेचा गाभा असावा असं वाटतं.

हे जमवायचं तर पैशाचा व्यवहार आणि मुलाच्या ताब्याचा कायदा दोन्ही नीट माहीत हवेत. शिवाय जिने एकटीने मूल वाढवलंय तिला अशी कथा वाचताना काय पटत नाही, हेही ऐकायचंय. मोकळेपणाने लिहा.

वाचनवेडी

धागा फार आवडला. डोंबिवलीच्या लायब्ररीतून मिल्स अँड बूनची पुस्तकं पिशवी भरभरून आणणाऱ्या पिढीतली मी. १९७१ साली हार्लेक्विन या कॅनडाच्या कंपनीने मिल्स अँड बून विकत घेतली. पुढे आपल्या हातात पडणाऱ्या पुस्तकांत इंग्लंडचे डॉक्टर आणि ग्रीक कोट्यधीश यांच्या जोडीला अमेरिकेतले काउबॉयही आले ते बहुधा त्यामुळेच. काउबॉय आणि एकटी आई ही जोडी तर इतकी वाचकप्रिय की त्यांचा स्वतंत्र कप्पा झाला आहे.

तुमच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा, आणि त्याचं कारण या साहित्यप्रकारातच आहे. प्रेमकथा म्हणून विकलं जाणारं पुस्तक सुखान्त असतं, तो वाचकाशी केलेला करार आहे. म्हणजे नायक बैलाखाली मरणार नाही हे वाचकाला पहिल्या पानावरच ठाऊक असतं. मग बैलाची भीती दाखवून दाखवून किती दाखवणार? वाचकाला माहीत नसतं ते एवढंच, की या दोघांतलं कोण काय सोडणार. आणि इथेच बहुतेक लेखक आळस करतात. ती नोकरी सोडते, घर सोडते, मुलाला घेऊन त्याच्या रँचवर राहायला जाते आणि शेवटच्या प्रकरणात मूल घोड्यावर बसलेलं असतं. तिने काय गमावलं याचा हिशोब कोणी मांडत नाही. तो मांडलात तर कथा वेगळी होईल.

भटक्या

पैशाच्या बाजूचं थोडं मी सांगू शकतो. डेन्व्हरला असताना वायोमिंगमधल्या चेयेनला रोडिओ बघायला जाणं व्हायचं आणि रोडिओच्या लोकांशी गप्पा मारायचा छंद जडला.

पहिली गोष्ट म्हणजे याला पगार नाही. उलट प्रत्येक रोडिओत उतरायला खेळाडूलाच प्रवेशफी भरावी लागते. ती फी आणि आयोजकांनी घातलेली रक्कम मिळून बक्षिसाचा गल्ला होतो. नंबरात आलात तर पैसे. पडलात तर फी गेली, डिझेल गेलं, मोटेलचं भाडं गेलं. म्हणून तीनचार जण एका पिकअपमध्ये फिरतात, आळीपाळीने गाडी चालवतात आणि खर्च वाटून घेतात. रात्रभर गाडी हाकून सकाळी उतरायचं, दुपारी बैलावर बसायचं आणि संध्याकाळी पुढच्या गावाचा रस्ता धरायचा.

प्रोफेशनल रोडिओ काउबॉइज असोसिएशन, म्हणजे पीआरसीए, हिचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि ३० सप्टेंबरला संपतं. वर्षभरात जिंकलेला प्रत्येक डॉलर हाच गुण. प्रत्येक प्रकारातले कमाईने पहिले १५ जण डिसेंबरमध्ये लास व्हेगासच्या नॅशनल फायनल्स रोडिओला जातात. तिथे दहा दिवस दहा फेऱ्या, आणि एका फेरीच्या विजेत्याला आता तीस हजार डॉलरच्या वर मिळतात. म्हणजे सोळावा आला तो घरी बसून टीव्हीवर बघणार. तुमच्या नायकाला सोळावा करा ताई. हरलेला नाही, जिंकलेलाही नाही, आणि पुढच्या वर्षी परत जावं की नाही हा प्रश्न खरा.

दुसरं म्हणजे ४ जुलैच्या आसपासचे दिवस. या खेळातले लोक त्याला काउबॉय ख्रिसमस म्हणतात, कारण तेव्हा पश्चिमेत गावोगावी रोडिओ असतात आणि थोड्या दिवसांत सर्वांत जास्त पैसा हाती लागू शकतो. कधी एकाच दिवसात दोन गावं करतात. लगेच पुढे जुलैअखेर चेयेन फ्रंटियर डेज. १८९७ पासून चालू असलेला चेयेनचा रोडिओ. जुलैत काउबॉय घरी सापडला तर तो जखमी आहे असं समजा.

अवांतर : जखमी झाला तर काय, हे कथेत येऊ द्या. पीआरसीएच्या रोडिओत झालेल्या दुखापतीसाठी मर्यादित विमा असतो, मैदानावर जस्टिन स्पोर्ट्समेडिसिनचं वैद्यकीय पथक असतं, आणि जस्टिन काउबॉय क्रायसिस फंड खेळाडूंना अडचणीत मदत करतो. पण खांदा निखळून तीन महिने घरी बसलेल्या माणसाचा गाडीचा हप्ता थांबत नाही.

माळरान

भटक्या, सोळाव्या क्रमांकाची कल्पना मी घेतली. किती नेमकी जागा आहे ती! ३० सप्टेंबरला यादी बंद होते आणि ऑक्टोबरपासून सगळे पुन्हा शून्यावर. त्या सुमाराला तो गावात असेल, रिकामा असेल आणि स्वतःचं काय करायचं हे त्याला कळत नसेल.

निळी छत्री

मी पुण्यात राहते. मुलगी चार वर्षांची असल्यापासून एकटी वाढवतेय. टेक्सासचं मला काही ठाऊक नाही, पण तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते.

अशा कथांत नायक मुलाशी पहिल्या भेटीतच दोस्ती करतो आणि ते बघून आई विरघळते. माझा अनुभव नेमका उलटा. कोणी माझ्या मुलीशी फार पटकन गोड वागू लागला की मी सावध व्हायचे. मुलं जीव लावतात हो. मोठी माणसं तुटली तर रडून मोकळी होतात, पण ‘काका परत कधी येणार’ या प्रश्नाला मला रोज उत्तर द्यावं लागलं होतं. त्यानंतर मी ठरवलं की कोणाचीही ओळख तिच्याशी करून द्यायची ती माझ्या घाईने नाही आणि त्याच्या तर अजिबातच नाही.

तेव्हा तुमच्या नायिकेला मुलाला लपवू दे. महिनोन् महिने लपवू दे. आणि नायकाला त्याचा राग येऊ नये, ही त्याची परीक्षा.

आणखी एक. एकटीची थकवा येण्याची जागा कुठली, तर निर्णय. शाळेची सहल, दातांचा डॉक्टर, ताप १०१ आहे तर थांबू की जाऊ, हे सगळं एकटीने ठरवायचं. आपल्याला मदत नको असते असं नाही, पण मदतीच्या नावाखाली आपल्याला न विचारता कोणी निर्णय घेतला की पायाखालची जमीन सरकते. ‘मी त्याला घेऊन गेलो, तुला सरप्राइज’ या वाक्यावर मी माणूस सोडलाय. कथेत तो प्रसंग टाका. प्रेमापोटीच केलेली गोष्ट असू दे, पण विचारलं नव्हतं हे तिने ऐकवू दे, आणि त्याने ‘पण मी चांगल्यासाठीच’ हे वाक्य गिळू दे.

सातारकर डॉक्टर

निळी छत्री यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्यांनी सांगितलेल्या प्रसंगाला रोडिओत अगदी तयार जागा आहे : मटन बस्टिंग. पाचसहा वर्षांच्या पोरांना हेल्मेट आणि जाकीट घालून मेंढीच्या पाठीवर बसवतात. मेंढी पळत सुटते, पोर लोकर घट्ट धरतं आणि बहुतेक वेळा चारदोन उड्यांत मातीत पडतं. प्रेक्षक जीव तोडून टाळ्या वाजवतात. सहा वर्षांच्या मुलाला काउबॉय काकांनी मेंढीवर बसवणं ही किती स्वाभाविक गोष्ट! फक्त त्यासाठी जबाबदारीच्या कागदावर आईची, बापाची किंवा कायदेशीर पालकाची सही लागते. नायकाची सही चालणार नाही. टेबलापाशी तो पेन हातात घेऊन उभा आहे आणि समोरची बाई विचारतेय, तुम्ही मुलाचे कोण? बघा, लिहून घ्या.

मी पशुवैद्यक. शिकायला टेक्सासमध्ये होतो, तेव्हा रोडिओच्या जनावरांशी जवळून संबंध आला. कथेत चूटमधला, म्हणजे फाटक उघडण्याआधी बैलाला उभं करतात त्या चौकटीतला, प्रसंग येणारच, म्हणून जे पाहिलंय ते सांगतो.

लोखंडी चौकटीत बैल उभा असतो, इतकी अरुंद की तो वळू शकत नाही. स्वार वरून कठड्यावर दोन पाय टाकून हळूच खाली उतरतो. बैलाच्या छातीभोवती वेणीसारखी विणलेली एक दोरी असते, तिच्या पोटाखालच्या बाजूला घंटा. ती घंटा शोभेची नाही. स्वाराने हात सोडला की तिच्या वजनाने दोरी सैल होऊन गळून पडते. कठड्यावरून वाकलेला मित्र दोरीचं टोक वर ओढून धरतो. स्वार हातमोजा घातलेल्या मुठीने दोरी वरखाली घासतो, त्यावर राळ लावलेली असते. घासून घासून राळ तापते आणि चिकट होते, त्याचा एक वेगळाच वास येतो. मग तळहातावरून दोरीचा वेढा घ्यायचा, मुठीवर दुसऱ्या हाताने बुक्के मारून ती आवळायची, मांड्या दोरीपर्यंत सरकवायच्या आणि मान डोलवायची. मान डोलवली की फाटक उघडतं. त्या आधीच्या मिनिटात कोणी फारसं बोलत नाही, दोरी ओढणारा मित्र तेवढा काहीतरी पुटपुटत असतो.

पुढे एकच हात. मोकळा हात बैलाला किंवा स्वतःला लागला तर बाद. आठ सेकंद टिकलात तरच गुण, आणि १०० पैकी अर्धे गुण बैलाचे. म्हणजे गरीब बैल वाट्याला आला तर टिकूनही उपयोग नाही. कोणाला कोणता बैल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं.

चिंचेचं झाड

माझा सूर वेगळा आहे, राग मानू नका. जनावरांना त्रास देऊन केलेल्या खेळावर प्रेमकथा कशी उभी करायची? आणि दुसरं, या पुस्तकांच्या मुखपृष्ठावरचा काउबॉय कायम गोरा, निळ्या डोळ्यांचा. मराठीत लिहिताना तोच का उचलायचा? आपल्याकडे बैलगाडा शर्यती आहेत, त्यावरही २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली होती आणि २०२३ च्या मे महिन्यात न्यायालयाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. खेड, मंचर, जुन्नरचा गाडामालक नायक का नको?

सातारकर डॉक्टर

प्रश्न रास्त आहे, तेवढ्याच गांभीर्याने उत्तर देतो. बैल उसळतो तो कमरेला बांधलेल्या पट्ट्यामुळे आणि उसळण्यासाठीच पिढ्यान् पिढ्या निवडून वाढवल्यामुळे. पट्टा वृषणांना बांधतात ही समजूत चुकीची आहे, तो त्यांच्या पुढून, कमरेवरून जातो आणि चटकन सुटणारा असतो. चांगल्या बैलाची किंमत मोठी असते, मालक त्याला जपतो. वासराला पळताना दोर टाकून पाडण्याच्या प्रकाराबद्दल मात्र माझं मत कडक आहे. दोर ताणला जातो तेव्हा वासराच्या मानेला बसणारा हिसका मला बघवत नाही आणि मी त्याचं समर्थन करणार नाही. कथेतल्या नायिकेलाही तो प्रकार बघवू नये, हे चालण्यासारखं आहे. रँचच्या भागात वाढलेल्या सगळ्यांचीच मतं सारखी नसतात.

माणूस आणि जनावर यांच्यातलं नातं सरळ नाही, याचं उदाहरण तुमच्या कथेच्या गावातलंच आहे. जे. बी. मॉनी, प्रोफेशनल बुल रायडर्स (पीबीआर) या बैलस्वारीच्या संघटनेचा २०१३ आणि २०१५ चा जगज्जेता. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आयडाहोतल्या लुइस्टनला आर्क्टिक असॅसिन नावाच्या बैलाने त्याची मान मोडली आणि कारकीर्द तिथेच संपली. तो बैल पुढे मॉनीच्याच रँचवर, स्टीफनव्हिलला, राहायला आला.

माळरान

चिंचेचं झाड, गाडामालकाची कथा जरूर लिहावी, आणि ज्याने शर्यतीच्या घाटातली धूळ अंगावर घेतली आहे त्याने लिहावी. मी रोज बघते ती माणसं टेक्सासमधली आहेत, म्हणून माझी कथा तिथली.

गोऱ्या काउबॉयबद्दल मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत. ते चित्र इतिहासाला धरून नाही. गुरं राखण्याची बरीचशी विद्या मेक्सिकन वाकेरोंकडून, म्हणजे तिथल्या घोडेस्वार गुराख्यांकडून आली. बैलाची शिंगं धरून त्याला लोळवण्याचा प्रकार रूढ केला तो टेक्सासच्या बिल पिकेट या कृष्णवर्णीय काउबॉयने. ओरेगनमधल्या पेंडल्टन राउंडअप या रोडिओत १९१६ साली घोड्याच्या स्वारीत पहिला आला तो नेझ पर्स या मूळ अमेरिकन जमातीचा जॅक्सन सनडाउन, वयाच्या पन्नाशीनंतर. १९६० च्या दशकात टेक्सासच्या क्रॉकेटचा मर्टिस डाइटमन नॅशनल फायनल्सला पोचलेला पहिला कृष्णवर्णीय स्वार झाला. ही नावं काही कानाकोपऱ्यात दडलेली नाहीत, तरी मुखपृष्ठ बदलत नाही.

भटक्या

आणि ब्राझील! १९९२ साली वीस स्वारांनी एकत्र येऊन प्रोफेशनल बुल रायडर्स ही फक्त बैलस्वारीची संघटना काढली. १९९४ मध्ये तिचा पहिलावहिला जगज्जेता झाला तो ब्राझीलचा आद्रियानो मोराएस, आणि तो आणखी दोनदा, २००१ आणि २००६ मध्ये जिंकला. पुढे ब्राझिलियन स्वारांची रांगच लागली. त्यातले अनेक जण फोर्ट वर्थच्या उत्तरेला डिकेटर नावाच्या गावात आणि आसपास राहतात. घरचे साओ पावलोच्या ग्रामीण भागात, खेळाडू व्हिसावर इथे, इंग्रजी जेमतेम, आणि जिंकलेल्या पैशातून तिकडे जमीन घेणारे.

ताई, तुमचा नायक ब्राझीलचा का नसावा? परदेशात एकटं राहणं, आईला फोनवर ‘जेवलो’ म्हणून खोटं सांगणं, हे तुम्हाला कोणी समजावून द्यायला नको. बुल रायडिंगमध्ये हे अगदी खरं वाटेल असं पात्र आहे.

माळरान

भटक्या, तुमचा हा प्रतिसाद वाचून लिहिलेलं पहिलं प्रकरण बाजूला ठेवलं. नायक ब्राझीलचाच. त्याला मी कोणताही प्रयत्न न करता ओळखते. व्हिसाची मुदत, सणाच्या दिवशी घरच्यांचा व्हिडिओ कॉल, आणि आपण इथले कधी होणार हा प्रश्न, हे सगळं आपल्या लोकांच्या घराघरांत आहे. तो डिकेटरहून कामासाठी स्टीफनव्हिलच्या एका रँचवर येतो, तिथे सरावाचे बैल आहेत, एवढं पुरेसं आहे.

ताब्याच्या कायद्याबद्दल कोणी सांगेल का?

ऑस्टिनकर

उशिरा आले, पण हा माझाच विषय. कौटुंबिक कायद्याच्या एका कार्यालयात काम करते, अशी कागदपत्रं रोज हाताखालून जातात. टेक्सासपुरतंच सांगते.

इथे मूल बहुधा एका पालकाकडे राहतं आणि दुसऱ्याला ठरावीक वेळापत्रकाप्रमाणे मिळतं. दोघांची घरं ५० मैलांच्या आत असली, आणि ग्रॅनबरी तर स्टीफनव्हिलपासून तेवढंही नाही, तर २०२१ पासूनच्या नियमाप्रमाणे सर्वसाधारणपणे महिन्यातला पहिला, तिसरा आणि पाचवा शुक्रवार, शाळा सुटल्यापासून सोमवारी शाळा भरेपर्यंत, मूल बापाकडे. शिवाय शाळेच्या दिवसांत दर गुरुवारची रात्र. म्हणजे नायिकेकडे मोकळे शनिवार-रविवार आहेत आणि ते आधीच ठाऊक आहेत. प्रेमाची तारीख न्यायालयाच्या हुकुमातून निघते, असं म्हणा ना.

आता उन्हाळा. बापाला तीस दिवस मिळतात. कोणते तीस हे त्याने १ एप्रिलपर्यंत लेखी कळवायचं. नाही कळवलं तर कायदा स्वतःच ठरवतो : १ जुलैच्या संध्याकाळपासून ३१ जुलैच्या संध्याकाळपर्यंत. भटक्यांनी वर काय लिहिलंय ते पुन्हा वाचा. काउबॉय ख्रिसमस आणि चेयेन, दोन्ही जुलैत! ज्या एका महिन्यात आई मोकळी असते, शाळेचं कॅफेटेरियाही बंद असतं, नेमक्या त्याच महिन्यात तो रस्त्यावर असतो.

आणखी दोन कलमं तुमच्या कामाची. बऱ्याच हुकूमनाम्यांत मूल कुठे राहील याची हद्द आखलेली असते, साधारणपणे ती काउंटी आणि तिला लागून असलेल्या काउंट्या. तेव्हा मुलाला घेऊन त्याच्या रँचवर राहायला जाणं, जे वाचनवेडी यांनी वर लिहिलंय, ते इतकं सोपं नाही. हद्दीबाहेर न्यायचं तर बापाची संमती हवी, नाहीतर न्यायालयात जावं लागेल. दुसरं, काही हुकूमनाम्यांत असंही कलम असतं की मूल घरात असताना लग्नाचं नातं नसलेल्या जोडीदाराने रात्री मुक्काम करायचा नाही. त्यामुळे रात्री दहाला त्याला टोपी घेऊन निघावं लागणं, यात लाजरेपणा काही नाही, कागद आहे.

पोटगीचंही एका ओळीत सांगते : एका मुलासाठी बापाच्या निव्वळ मिळकतीच्या साधारण २० टक्के. बाप दुष्ट असण्याची गरज नाही. वेळेवर पैसे देणारा, मुलावर जीव असणारा आणि नव्या माणसाबद्दल साशंक असलेला बाप जास्त खरा वाटेल. मी रोज तसेच बघते.

वाचनवेडी

ऑस्टिनकर, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. कथेचा सांगाडाच मिळाला की! आणि आता नायिकेने काही सोडायचं नाही, हेही कायद्यानेच ठरवून दिलं. हद्दीबाहेर तिला जाता येत नाही, म्हणजे यायचं तर त्याने यायचं.

माळरान, जुलैत तिला त्याच्याबरोबर पाठवा. चार पुरुष कोंबलेल्या गाडीत नाही, तिच्या स्वतःच्या गाडीतून, दोनच आठवडे. तिला त्याचं काम बघू दे. वाचकाला प्रेम तिथे दिसेल, कामात.

निळी छत्री

मूल महिनाभर दुसऱ्या घरी गेलं की पहिले दोन दिवस काय होतं ते सांगते. घर आवरून होतं. झोप पूर्ण होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता काय करायचं ते कळत नाही. स्वयंपाक कितीचा करायचा कळत नाही. तिने त्याच्याबरोबर जायचं ठरवलं ते निव्वळ प्रेमाने असं दाखवू नका, थोडं त्या रिकाम्या घराला घाबरूनही असू दे. आणि तिथे चेयेनच्या गर्दीत दुसऱ्याचं सहा वर्षांचं पोर दिसलं की तिचा हात फोनकडे जाईल. नायकाने त्या वेळी ‘आता तरी माझ्याकडे बघ’ असं म्हटलं तर पुस्तक मिटेन मी.

भटक्या

चेयेन आलंच आहे तर एक गोष्ट हळुवारपणे यायला हवी. लेन फ्रॉस्ट, १९८७ चा जगज्जेता. ३० जुलै १९८९ रोजी चेयेनलाच त्याने आठ सेकंद पूर्ण केले, बैलावरून उतरला आणि मागून आलेल्या त्याच बैलाने त्याला पाठीवर धडक दिली, त्यातच तो गेला. पंचवीस वर्षांचा होता. तोवर स्वार नुसत्या सदऱ्यावर बसायचे. त्याचा मित्र कोडी लॅम्बर्ट याने त्यानंतर संरक्षक जाकीट तयार केलं आणि आज ते घातल्याशिवाय सहसा कोणी बैलावर बसत नाही. चेयेनला गेलेला प्रत्येक स्वार ही गोष्ट जाणतो. तुमच्या नायकाने ती तिला सांगायची की नाही, हे तुम्ही ठरवा. मला वाटतं त्याने सांगावी, आणि बैलावर बसण्याच्या आदल्या दिवशी सांगू नये.

चिंचेचं झाड

वाचतोय. मी वर जरा तावातावाने लिहिलं, पण ब्राझीलचा नायक आणि हद्दीत अडकलेली नायिका म्हटल्यावर ही कथा मला वाचायची आहे. एक विचारतो : तिला फक्त प्रेक्षकांत का बसवायचं? रँचच्या भागात वाढलेली बाई आहे, तिला स्वतःला काहीच येत नाही का?

माळरान

येतं! तिला दोर टाकता येतो. बॅरल रेसिंग, म्हणजे पिंपांभोवती घोडा पळवण्याची शर्यत, तर बायकांचंच, त्यांची संघटना १९४८ साली टेक्सासच्या सॅन अँजेलोत सुरू झाली. पण माझ्या नायिकेला मी ब्रेकअवे रोपिंग दिलं आहे. यात वासराला पाडत नाहीत. दोराचं टोक खोगिराला साध्या दोऱ्याने बांधलेलं असतं, वासराच्या गळ्यात फास पडून दोर ताणला की दोरा तुटतो आणि घड्याळ थांबतं. डॉक्टरांना बघवत नाही तो हिसका इथे जवळपास नाही. या प्रकाराची राष्ट्रीय अंतिम स्पर्धा २०२० मध्ये पहिल्यांदा झाली, आमच्या जवळच आर्लिंग्टनला. तिने लग्नाआधी कॉलेजात रोपिंग केलेलं, मुलाच्या जन्मानंतर घोडी विकली. नायकाला हे पुस्तकाच्या मध्यावर कळतं, तिच्या नवऱ्याकडून. पूर्वीच्या नवऱ्याकडून म्हणजे. ऑस्टिनकर म्हणतात तसा तो चांगला माणूस आहे आणि त्यालाच ती घोडी विकल्याचं अजून वाईट वाटतं.

आता आराखडा असा : ऑक्टोबरात ओळख, यादी बंद झाल्यावर. हिवाळाभर दुसऱ्या-चौथ्या आठवड्याचे शनिवार मुलाचे, बाकीचे त्यांचे. वसंतात मटन बस्टिंगच्या टेबलावरचा तो कागद, आणि मोठं भांडण. जुलैत चेयेन. शेवटी नायक बैल सोडतो का? नाही. तो अजून दोन वर्षं खेळणार आहे आणि तिला ते माहीत आहे. तो डिकेटरचं घर सोडून स्टीफनव्हिलच्या एरॅथ काउंटीत भाड्याने घर घेतो, तिच्या रस्त्यावर नाही, चार मैलांवर. ती घोडी परत मिळत नाही, दुसरी घेते.

ऑस्टिनकर, १ एप्रिलची मुदत कथेत वापरायची आहे. बापाने मुद्दाम नाही, विसरून कळवलं नाही तर चालेल ना?

ऑस्टिनकर

चालेल, असे विसरणारे भरपूर असतात. एक काळजी घ्या. बापाने वेळेत कळवलं नसलं तरी दोघांनी समजुतीने तारखा बदलता येतात, न्यायालय त्याच्या आड येत नाही. तेव्हा ग्रॅनबरीवाल्याने मे महिन्यात फोन करून ‘मी जूनमध्ये नेऊ का त्याला?’ असं विचारलं, तर नायिकेला उत्तर द्यावं लागेल. जुलै हातचा सोडायचा की नाही हे मग तिने ठरवायचं. तो फोन भांडणानंतर लगेच येऊ द्या.